चौघंही कासवंच का?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर तुला लगेच कळेल. ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाचा तुझा प्रकल्प म्हणजे लहान मुलांसाठीची एक मालिका आहे. कारखान्याच्या सांडपाण्यामुळे बदललेले पाच प्राणी मुंबईत राहतात आणि शहर वाचवतात: बिबट्या, मगर, घार, मुंगूस आणि वटवाघूळ. प्रत्येकाची ताकद, शस्त्र, वेष सगळं ठरलंय. चाळीस पानांचं बायबल, म्हणजे मालिकेची पात्रं आणि नियम लिहिलेली वही, तयार आहे. पण पहिल्या भागाचे संवाद लिहायला बसलास की पाचही जण एकाच तोंडाने बोलतात. आणि तू विचारतोस, ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेमध्ये चारही हिरो कासवं, दिसायला एकसारखी, तरी ती मुलांच्या वेगवेगळी लक्षात कशी राहतात?

त्या प्रश्नातला ‘तरी’ काढ आणि तिथे ‘म्हणून’ लिही. ती एकसारखी दिसतात म्हणून वेगवेगळी लक्षात राहतात. बावीस वर्षं स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची शॉटवार चित्रं, काढल्यावर माझं याबाबतीत पक्कं मत झालंय, आणि तुझं अडलेलं गाडंही मला वाटतं इथेच अडलंय.

आधी या कासवांचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगते, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. 1983 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात डोव्हर नावाच्या गावी केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड हे दोन तरुण चित्रकार रात्री गंमत म्हणून कागदावर रेघोट्या मारत बसले होते. ईस्टमनने डोळ्यांवर पट्टी बांधलेलं, हातात शस्त्र घेऊन दोन पायांवर उभं राहिलेलं एक कासव काढलं. त्यातली गंमत लक्षात घे. प्राण्यांमधलं सगळ्यात मंद समजलं जाणारं जनावर आणि माणसाने शोधलेली सगळ्यात चपळ युद्धकला. दोन्ही एकाच अंगात. त्या एका रेखाटनाची चार कासवं झाली, करपरताव्याच्या पैशात ईस्टमनच्या काकांकडून घेतलेल्या उसन्या रकमेची भर पडली, आणि मे 1984 मध्ये त्यांनी स्वतःच कृष्णधवल कॉमिक छापलं. पहिली आवृत्ती सुमारे 3,000 प्रतींची होती.

आता तुझा बिबट्या बघ. तो चपळ आहे, अंधारात दिसतं, झाडावर सरसर चढतो, शूर आहे. म्हणजे बिबट्याला तू बिबट्याचीच ताकद दिलीस. मगरीला जबडा, घारीला नजर, वटवाघळाला अंधारात ऐकण्याची शक्ती. या यादीत एकही ओळ वाचकाला दचकवत नाही. कासवाला निंजा केल्याबरोबर प्रश्न उभा राहतो: कवचासकट उडी कशी मारणार? बिबट्याला चपळ केलं की कुठलाच प्रश्न उरत नाही, आणि प्रश्न नाही तिथे प्रसंगही सुचत नाही.

ते कॉमिक मुलांचं नव्हतं, हेही तुला माहीत असलेलं बरं. काळोखं, रक्ताळलेलं, मोठ्यांसाठीचं होतं. खलनायक श्रेडर पहिल्याच अंकात मरतो. मुखपृष्ठावर चौघांच्याही पट्ट्या लाल आहेत. हे सगळं टीव्हीवर आणायचं ठरलं ते खेळण्यांमुळे. प्लेमेट्स ही खेळण्यांची कंपनी आधी टीव्हीवर कार्यक्रम असल्याशिवाय बाहुल्या काढायला तयार नव्हती. म्हणून मुराकामी-वुल्फ-स्वेन्सन या स्टुडिओने पाच भागांची छोटी मालिका केली. लेखनाची धुरा डेव्हिड वाइज यांच्याकडे होती, पहिल्या भागांचं ॲनिमेशन जपानच्या तोएईने केलं, आणि डिसेंबर 1987 मध्ये ती दाखवली गेली. पुढे 1988 मध्ये 13 भाग आले आणि 1989 मध्ये 47. बेरीज कर: 65 होतात. त्या काळी अमेरिकेत वेगवेगळ्या स्थानिक केंद्रांना कार्यक्रम विकायचा तर 65 हा आकडा लागायचा, कारण आठवड्याचे पाच दिवस गुणिले तेरा आठवडे, मग पुन्हा पहिल्यापासून. मालिका नोव्हेंबर 1996 पर्यंत चालली, एकूण 193 भाग.

ही मालिका खेळणी विकण्यासाठी झाली म्हणून तिच्याकडे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. विकण्यासाठीच झाली, खरं आहे. पण तिच्याबरोबर खेळणी विकायला आलेल्या कितीतरी मालिका आज कुणाला आठवत नाहीत, आणि हिच्यावर काम करणाऱ्यांनी जे कष्ट घेतले त्यातून आपल्याला आजही शिकता येतं. मी शिकले, म्हणून सांगते.

टीव्हीसाठी बदल करताना पहिली अडचण तीच होती जी तुला वाटते: चार हिरवी कासवं ओळखायची कशी? त्यांनी पट्ट्यांना रंग दिले. लिओनार्डो निळा, डोनाटेलो जांभळा, राफाएल लाल, मायकेलँजेलो नारिंगी. कंबरपट्ट्याच्या बकलावर नावाचं आद्याक्षर. शस्त्रं वेगळी. आणि शीर्षकगीतात एकेकाचा स्वभाव एकेका ओळीत सांगून टाकला: एक पुढारी, एक यंत्रांत रमणारा, एक तिरकस बोलणारा, एक मौजमजेचा भोक्ता. हे गीत चक लॉरी यांनी डेनिस ब्राउन यांच्यासोबत केलं. पुढे ‘द बिग बँग थिअरी’ करणारे तेच हे लॉरी. सहा वर्षांचं मूल पहिला भाग बघायच्या आधीच, गाण्याच्या एका मिनिटात, चौघांना ओळखू लागतं. तुझ्या चाळीस पानांच्या बायबलमधल्या पाच जणांचं असं एकेका ओळीत गाणं करता येतंय का, बघ. ताकद न सांगता करायचं.

आता कॉलेजात आपल्याला सिलूएटची परीक्षा शिकवतात. पात्र पूर्ण काळं भरून टाकलं तरी ओळखू आलं पाहिजे. शिकवतात ते बरोबरच आहे, मीही मुलांना तेच शिकवते. पण शस्त्रं बाजूला ठेवली तर 1987 ची चारही कासवं त्या परीक्षेत सपशेल नापास होतात. तोच देह, तेच कवच, त्याच तीन बोटांच्या हाताची रेघ. निर्मितीच्या बाजूने हा मोठा फायदा होता: एका देहाचं टर्नअराउंड, म्हणजे सगळ्या बाजूंनी काढलेलं चित्र, नीट बसलं की चौघांचं काम भागतं. इनबिट्वीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं, करणाऱ्याचा हात एकाच आकारावर बसतो. लेखकाच्या बाजूने मात्र ही कोंडी होती. आकार काही बोलतच नाही, म्हणजे जे काही वेगळं दाखवायचं ते वागण्यातून आणि बोलण्यातूनच दाखवावं लागणार. त्या कोंडीने त्यांच्याकडून उत्तम काम करून घेतलं.

याचा मला पटलेला पुरावा घरातलाच आहे. त्या मालिकेत रंगाच्या चुका भरपूर आहेत. कामाचा रेटा मोठा, सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक कागद, हाताने रंगवलेले, त्यामुळे एखाद्या शॉटमध्ये पट्टी एकाची आणि आवाज दुसऱ्याचा असं होऊन जायचं. माझा भाचा सहा वर्षांचा असताना आम्ही जुने भाग बघत होतो. एका शॉटमध्ये पट्टी निळी, पण बोलणं मायकेलँजेलोचं. मी गप्प राहिले, बघू म्हटलं याच्या लक्षात येतंय का. तो टीव्हीवरची नजर न हटवता म्हणाला, “मावशी, मायकीने दादाची पट्टी बांधलीय.” पट्टीचा रंग बदलला म्हणून त्याला माणूस बदलला असं वाटलं नाही. रंग ही खूण होती, ओळख आधीच दुसरीकडे पक्की झालेली होती. आणि लिओनार्डोला त्याने ‘दादा’ म्हटलं तेही बघ. मालिकेत कुणीही त्याला थोरला म्हणत नाही. वागण्यावरून त्याने ते ठरवलं.

ही ओळख पक्की कशी करायची, यासाठी मी एक सराव करून घेते. वर्गात, कामावर नव्याने आलेल्यांकडून, आणि अडले की स्वतःकडूनही. दृश्य एवढंच: बोगद्याच्या टोकाला लोखंडी दार बंद आहे. पलीकडे काय आहे माहीत नाही. संवाद नाही. प्रत्येकाला पाच सेकंद.

कासवांवर करून दाखवते. लिओनार्डो चालता चालता थांबतो आणि मागच्यांना थांबवायला हात वर करतो. मान आधी मागे वळते, दाराकडे नंतर. त्याचं पहिलं लक्ष भावांकडे आहे. डोनाटेलो त्या हाताखालून वाकून पुढे जातो, थेट कुलपापाशी, गुडघे टेकून, डोळा भोकाला लावून. त्याला दारापलीकडच्या धोक्याचं काही पडलेलं नाही, कुलूप कुठल्या बनावटीचं आहे याचं कुतूहल आहे. राफाएल भिंतीला टेकतो, एका पायावर भार, हाताची घडी. दाराकडे बघत नाही, लिओनार्डोच्या वर केलेल्या हाताकडे बघतो. पाच सेकंदांत एकदाही जागचा हलत नाही, फक्त भुवई. मायकेलँजेलो सगळ्यांच्या मागून येतो, दार वाजवतो, आणि वाजवल्यावर त्याच्या लक्षात येतं की बाकीचे तिघे श्वास रोखून उभे होते.

हे स्टोरीबोर्डवर काढून बघ. अगदी काडीमाणसं काढलीस तरी चौघं ओळखू येतील. कवचामुळे धड वाकत नाही, पाठ वळत नाही, म्हणजे हावभावासाठी मान, गुडघे आणि मनगटं एवढंच हाताशी असतं. तेवढंही पुरतं. शिवाय दुसरी गोष्ट बघ. कुणाचीही कृती एकट्याची नाही. एकाने हात वर केला म्हणून दुसरा त्याखालून गेला, तिसऱ्याने त्या हातालाच नावं ठेवली, चौथ्याला तो हात दिसलाच नाही. स्वभाव असा दुसऱ्याच्या अंगावर घासल्याशिवाय दिसत नाही. तुझ्या बायबलमध्ये पाच पात्रांची पाच स्वतंत्र पानं आहेत. ‘बिबट्याला मुंगसाचा राग कशाचा येतो’ असं एकही पान नाही. ते पान आधी हवं होतं.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीत मी हा घोळ आतून पाहिलाय. अंधेरीतल्या एका स्टुडिओत पाच प्राणी-हिरोंच्या मालिकेवर ज्युनिअर स्टोरीबोर्ड आर्टिस्ट होते. चित्रं सुंदर होती, खरोखर सुंदर. अकराव्या भागाच्या सुमाराला आमच्या बोर्ड सुपरवायझर बाईंनी पटकथेतली पात्रांची नावं पांढऱ्या शाईने खोडली आणि पानं आम्हाला वाटली. म्हणाल्या, कोण बोलतंय ते लिहा. सहा जणांनी सहा वेगवेगळी उत्तरं लिहिली. लेखकाने स्वतः लिहिलेल्या संवादांपैकी निम्मे चुकीच्या पात्राला दिले. त्या दिवशी खोलीत कुणी फारसं बोललं नाही. चेहरे, वेष, ताकदी इतक्या वेगळ्या होत्या की ही पात्रं आतून सारखीच आहेत हे दहा भाग होईपर्यंत आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. वेगळ्या आकारांनी आमची फसवणूक केली होती, आणि तुझीही तशीच होते आहे असं मला वाटतं. मालिका एका हंगामानंतर थांबली.

असंच काहीसं नव्वदच्या दशकात अमेरिकेतही घडलं. कासवांच्या यशानंतर बदललेल्या प्राण्यांची रांगच लागली. 1994 ची ‘स्ट्रीट शार्क्स’ घे. चार भाऊ, एका शास्त्रज्ञाने त्यांचे शार्क केले, कासवांच्या पिझ्झाऐवजी यांना हॅम्बर्गर. आकार इतके वेगळे की सिलूएटमध्ये शंभर टक्के पास: एक पांढरा शार्क, एक हातोडीच्या डोक्याचा, एक वाघशार्क, एक व्हेलशार्क. ते रस्त्याच्या आतून जमीन फाडत पोहतात, ही कल्पना मला आजही भन्नाट वाटते. पण चौघे एका खोलीत बसले की काय बोलतील, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. ती मालिका 40 भागांत आटोपली. कासवांची मालिका संपल्यानंतर मात्र 2003 मध्ये नव्याने आली, 2012 मध्ये निकलोडियनने त्रिमितीत आणली, 2018 मध्ये पुन्हा आली. दर वेळी चित्रशैली बदलली, आवाज बदलले, राफाएलचा तिरकसपणा जाऊन संताप आला. टिकला तो चौघांमधला ताण.

2018 ची मालिका तू नक्की बघ, कारण वरवर पाहिलं तर ती माझं म्हणणं खोडून काढते. ‘राइज’ या नावाने ती ओळखली जाते. तिचं ॲनिमेशन सिडनीच्या फ्लाइंग बार्क स्टुडिओने केलं, आणि द्विमितीत इतकं चपळ काम टीव्हीवर क्वचित दिसतं. त्यांनी चौघांना चार वेगळ्या जातींची कासवं केलं. राफाएल आडदांड, करकचून चावणाऱ्या जातीचा. मायकेलँजेलो छोटा, गोल, पेटीकासव. आकार पूर्ण वेगळे. म्हणजे सिलूएटच जिंकला का? डोनाटेलोकडे बघ म्हणजे उत्तर मिळेल. तो मऊ कवचाच्या जातीचा आहे. पाठ उघडी, नाजूक. म्हणून तो स्वतः बनवलेलं यांत्रिक कवच पाठीवर चढवतो. ‘यंत्रांत रमणारा’ ही तीस वर्षांची जुनी ओळ होती. तिला त्यांनी कारण दिलं आणि ते कारण शरीरात ठेवलं. आधी स्वभाव होता, मग त्याला साजेशी जात शोधली. तू जात आधी निवडलीस आणि स्वभाव त्यातून आपोआप निघेल अशी वाट बघत बसलास.

सांडपाण्याबद्दल थोडं. तुझ्या बायबलची सहा पानं रसायनावर गेली आहेत, त्यातली साडेपाच काढून टाक. 1987 च्या मालिकेत बदलाचा नियम एका वाक्याचा आहे: ज्या प्राण्याला शेवटचा स्पर्श झाला, त्याचे गुण तुमच्यात येतात. गटारात राहणाऱ्या हामातो योशी या माणसाने कासवं वाढवलेली, म्हणून ती माणसासारखी झाली. योशीच्या आसपास उंदीर, म्हणून तो उंदीर झाला. तोच त्यांचा गुरू स्प्लिंटर. श्रेडरच्या दोन गुंडांपैकी एक रानडुक्कर झाला, एक गेंडा. मूल हा नियम एकदा ऐकतं आणि लगेच त्याच्याशी खेळायला लागतं: मग माझ्यावर पडलं तर? मी सकाळी मांजरीला हात लावला होता! (कॉमिकमध्ये स्प्लिंटर हा योशीचा पाळीव उंदीर होता. टीव्हीने योशीलाच उंदीर केलं. मला टीव्हीचा बदल जास्त आवडतो, कारण त्यामुळे गुरूनेही काहीतरी गमावलेलं असतं.)

शस्त्रांबद्दल तू विचारलं नाहीस, पण वाहिनीची माणसं पहिलं तेच विचारतील. तुझ्या मुंगसाकडे कोयता आहे. लिओनार्डोकडे तर दोन तलवारी होत्या, आणि मुलांच्या कार्यक्रमात तलवारीने माणूस कापता येत नाही. म्हणून कॉमिकमधले श्रेडरच्या फुट टोळीचे निंजा टीव्हीवर यंत्रमानव झाले. तलवार चालते, तारा आणि स्क्रू उडतात, कुणाला इजा होत नाही. ब्रिटनमध्ये तेवढंही चाललं नाही. तिथे शीर्षकातला ‘निंजा’ शब्द काढून ‘हीरो’ घातला, मायकेलँजेलोच्या ननचाकूची (साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांची) दृश्यं कापली, आणि पुढच्या भागांत त्याच्या हातातून ते शस्त्रच गेलं, जागी दोरीचा गळ आला. मायकेलँजेलो मात्र मायकेलँजेलोच राहिला. कोयता काढून घेतल्यावर तुझ्या मुंगसात काय उरतं, हे तू वाहिनीकडे जाण्याआधी घरीच तपासून बघ.

आणि तुझ्या हिरोंना घर नाही! पाच जण गच्चीवर भेटतात, मोहिमेवर जातात, परत गच्चीवर येतात. कासवांना गटारातलं घर आहे, पिझ्झा आहे, टीव्ही आहे, रागावणारा बापासारखा गुरू आहे. पिझ्झाचं वेड टीव्हीच्या मालिकेनेच लावलं, आणि ते निव्वळ विनोदासाठी नव्हतं. खायला बसल्यावर चौघं एका जागी येतात, आणि एका जागी आले की भांडतात. घराबाहेरच्या जगाला जोडणारी एप्रिल ओनील आहे. कॉमिकमध्ये ती एका शास्त्रज्ञाची संगणक सांभाळणारी सहायक होती, टीव्हीवर वार्ताहर केली. का, ते उघड आहे. वार्ताहराला संकटाची बातमी आधी लागते, आणि पिवळ्या वेषातली ती दिवसाढवळ्या रस्त्यावर फिरू शकते, जे कासवांना लांब कोट आणि टोपी घातल्याशिवाय जमत नाही. तुझ्या मुंबईत अशी कोण आहे? पहाटेचं दूध पोहोचवणारी मुलगी चालेल, लोकलच्या डब्यात वस्तू विकणारी चालेल. दहा वर्षांची असली तर उत्तम.

आता तुझे पाच जण. मी पाचांचे तीन करीन, पण तो निर्णय तुझा. प्राणी बदलू नकोस, चांगले निवडले आहेस. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, पवईच्या तलावात मगरी आहेत, घारी तर आपल्या प्रत्येक गच्चीवर घिरट्या घालतात. ही मुलांना खिडकीतून दिसणारी जनावरं आहेत. फक्त त्यांची ताकद लिहिण्याआधी त्यांचं वागणं बघायला जा. वही घेऊन जा.

बिबट्या एकटा राहणारा प्राणी आहे, आणि शिकार झाली की दुसऱ्याने हिसकावू नये म्हणून झाडावर ओढून नेतो. तर तुझा बिबट्या पंगतीत बसत नाही. ताट घेऊन माळ्यावर चढतो. शूर असेल, असू दे, पण त्याला दुसऱ्याने आपल्या ताटातलं उचललेलं सहन होत नाही, आणि सांगताही येत नाही. घार नेमकी उलट, दुसऱ्याच्या तोंडचा घास झडप घालून पळवणारी. या दोघांना एका घरात ठेवलंस की पहिला भाग अर्धा लिहून झाला. मगर तासन् तास हलत नाही. तिला प्रश्न विचारला की उत्तर तिसऱ्या प्रसंगात येतं, आणि तोवर सगळ्यांनी चूक करून ठेवलेली असते. मोठी वटवाघळं शेकड्यांनी एका झाडावर लटकतात, जागेवरून कचाकचा भांडतात. तुझ्या वटवाघळाला ती गर्दी सुटल्यापासून झोप लागत नाही. रात्रभर बडबडतं, कारण शांतता त्याला सोसत नाही. बिबट्याला शांतताच हवी. मुंगूस मी तुझ्यासाठी ठेवते, तो तूच शोध.

बघ, यात कुठेही ताकद आली नाही. ताकद राहू दे, ती तुझ्याकडे लिहिलेली आहेच, कारवाईच्या दृश्यात लागेल. पण आता वटवाघूळ आणि बिबट्या पहाऱ्याला एकत्र बसले, तर काय बोलतील हे तुला मला विचारावं लागणार नाही.

आणि ते एकत्र का राहतात, याचं उत्तर शोध. कासवांना ते उत्तर फुकट मिळालं: एका भांड्यातली पिल्लं, एका बापाने वाढवलेली, भाऊ. भावांना ‘सोडून का जात नाहीस’ असं कुणी विचारत नाही. तुझ्याकडे पाच जाती आहेत, रक्ताचं नातं नाही. बिबट्या खुशाल डोंगरात निघून जाऊ शकतो. का जात नाही? ‘शहर वाचवायचं आहे’ हे उत्तर मुलांना पटत नाही. मुलं शहर वाचवायला घरात राहत नाहीत.

खेळण्यांचं म्हणशील तर तो विचार आत्ता मनातून काढ. 1987 च्या अमेरिकेत खेळण्यांची कंपनी मालिकेचा खर्च उभा करायची, नियमही तेव्हा सैल होते. 1990 मध्ये तिथे मुलांच्या टीव्हीसाठी कायदा झाला आणि जाहिरातींच्या वेळेवर मर्यादा आली. तुझ्यासमोर सध्या एवढंच काम आहे: अकरा मिनिटांचा एक भाग, ज्यात नावं खोडली तरी बोलणारा ओळखू येतो.

त्यासाठी बायबल कपाटात ठेव. बंद दाराचं पान काढ, पाच सेकंद एकेकाला, काडीमाणसांत. मग जेवणाचं पान, त्यात मात्र संवाद हवेत. दोन्ही पानं माझ्याकडे पाठव, पण नावं, रंग आणि शेपट्या काढून. मुंगसाचं जमलं नाही तर ती जागा मोकळी सोड, मी विचारणार नाही.